तडा वर, कारण खाली

तळघराच्या कोब्याला तडा गेला की आपण सिमेंट कालवून तो बुजवतो. पुढच्या पावसाळ्यात तडा पुन्हा हजर! याचं उत्तर बऱ्याचदा जमिनीत असतं, आणि ते शोधलं कार्ल टेरझागी यांनी.

जन्म 1883, प्राग. ग्राझला ते चक्क मेकॅनिकल शिकले. दंगा एवढा की कॉलेजातून काढायची वेळ आली. एका प्राध्यापकांनी वाचवलं. पुढे साइटवर त्यांना जाणवलं, की लोखंडाचं गणित आहे, पण ज्या मातीवर सगळं उभं तिचं नाही. 1916 मध्ये ते इस्तंबूलला शिकवायला गेले. लॅब नव्हतीच. सिगारच्या खोक्यांसारख्या टाकाऊ वस्तूंतून त्यांनी उपकरणं बनवली. 1925 साली त्यांचं पुस्तक आलं आणि सॉइल मेकॅनिक्स हा विषय उभा राहिला.

त्यांनी दाखवलं, की भार आला की चिकणमातीतलं पाणी हळूहळू निघून जातं आणि माती खचते. ती एका बाजूला जास्त खचली की फरशी तडकते. उलट भूजल वाढलं तर ते फरशीला खालून उचलतं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. मिठीच्या शेजारच्या आपल्या मरोळकरांना पाण्याची ताकद वेगळी सांगायला नको.

म्हणून तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, तारीख लिहा. महिनोन्‌महिने तेवढाच राहिला तर बुजवा. वाढला, एक कड खाली गेली किंवा पाणी झिरपलं, तर आधी पाण्याचा निचरा आणि जमीन तपासून घ्या.

टेरझागी 1963 साली गेले. सिव्हिलवाल्यांच्या पेपरात मात्र ते दरवर्षी येतातच!