सखाराम गणेश देऊसकर : वंगभूमीतील एक मराठी ग्रंथकार

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त ही स्मरणिका सिद्ध होत असताना एका पूर्वसुरीचे स्मरण केल्याशिवाय पुढे जाणे आम्हांस उचित वाटत नाही. महाराष्ट्रात त्यांचे नाव आज फारसे कोणास ठाऊक नाही. बंगालमध्ये मात्र स्वदेशीच्या इतिहासात ते आदराने घेतले जाते. ते नाव म्हणजे सखाराम गणेश देऊसकर.

बंगालमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला एक गोष्ट लवकरच कळून येते. येथील माता आपल्या तान्ह्याला ज्या अंगाईने निजवितात, तीत 'बर्गी' येण्याची भीती घातलेली असते. हे बर्गी म्हणजे नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार, आपले बारगीर. 1742 ते 1751 या काळातील त्यांच्या स्वाऱ्यांनी पश्चिम बंगालची गावेच्या गावे होरपळून निघाली. त्या आठवणी पिढ्यानुपिढ्या पाळण्यातून चालत आल्या. आपल्या पूर्वजांची अशी ओळख ज्या प्रांतात रुजली होती, तेथे मराठ्यांचे दुसरे चरित्र मुलांच्या आणि तरुणांच्या हाती देण्याचे कार्य देऊसकरांनी केले, आणि तेही बंगाली भाषेतून.

त्यांचा जन्म 17 डिसेंबर 1869 रोजी वैद्यनाथधाम देवघरजवळच्या करौं या गावी झाला. हा भाग त्या वेळी बंगाल प्रांतात होता; आता तो झारखंडात आहे. घराणे मूळचे कोकणातील देऊस गावचे, म्हणून आडनाव देऊसकर. बालपणीच मातृवियोग झाला आणि विधवा आत्याने त्यांना वाढविले. मराठी वाङ्मयाची गोडी त्यांना लागली ती या आत्याच्या मांडीवर. घरात मराठी, शाळेत बंगाली, मुंजीनंतर वेदाध्ययन आणि संस्कृत, अशी त्यांची जडणघडण झाली. देवघरला वृद्धापकाळी येऊन राहिलेले राजनारायण बसू यांचा सहवास त्यांना लाभला, आणि देशप्रीतीचा संस्कार तेथे दृढ झाला.

1891 मध्ये ते प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झाले व दोन वर्षांनी देवघरच्याच शाळेत शिक्षक झाले. परंतु तेथील इंग्रज मॅजिस्ट्रेटच्या जुलमी कारभारावर त्यांनी कलकत्त्याच्या 'हितवादी' पत्रात लेख लिहिले, आणि नोकरीवर गदा येण्याची चिन्हे दिसू लागली. देऊसकरांनी स्वतःच नोकरी सोडली. ते कलकत्त्यास आले आणि 'हितवादी'त मुद्रिते तपासण्याचे काम करू लागले. पुढे त्याच पत्राच्या संपादकपदापर्यंत ते पोहोचले. परभाषेत मुद्रितशोधनापासून संपादकपदापर्यंतचा हा प्रवास किती परिश्रमाचा असेल, हे येथे येऊन बंगाली शिकलेल्या आमच्यापैकी प्रत्येकास उमगेल.

तो काळ बंगाली बालवाङ्मयाच्या बहराचा होता. योगींद्रनाथ सरकारांचे 'हासि खुशि' 1897 मध्ये आले. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांची 'ठाकुरमार झुलि' 1907 मध्ये. मुलांना आपल्या भाषेत, आपल्या मातीतले वाचावयास मिळाले पाहिजे ही जाणीव सर्वत्र जागी झाली होती. देऊसकरांनी त्यात इतिहासाची आणि चरित्रांची भर घातली. न्यायमूर्ती रानड्यांचे चरित्र व 'झांशीर राजकुमार' 1901 मध्ये, 'बाजीराव' 1902 मध्ये, 'शिवाजीर महत्त्व' 1903 मध्ये, अशी त्यांची पुस्तके एकामागून एक निघाली. 1902 पासून कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू करण्यात त्यांचा पुढाकार होता. रवींद्रनाथांनी शिवछत्रपतींवरील आपली प्रसिद्ध कविता 1904 मध्ये लिहिली, तीही देऊसकरांच्याच आग्रहावरून.

त्यांची कीर्ती मात्र मुख्यतः 1904 च्या 'देशेर कथा' या ग्रंथावर उभी आहे. दादाभाई नवरोजी, रमेशचंद्र दत्त, विल्यम डिग्बी यांच्या इंग्रजी ग्रंथांतील आकडेवारी आणि युक्तिवाद त्यांनी साध्या बंगालीत उतरविले. विणकर का देशोधडीला लागला, शेतकरी कर्जात का बुडाला, देशातील धन कोणत्या वाटेने बाहेर जाते, हे इंग्रजी न जाणणाऱ्या विद्यार्थ्यालाही त्यातून समजू लागले. पुढच्याच वर्षी वंगभंग झाला आणि हा ग्रंथ स्वदेशी चळवळीतील तरुणांचे पाठ्यपुस्तकच ठरला. थोड्याच वर्षांत त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. 'स्वराज्य' हा शब्द राजकीय अर्थाने बंगालमध्ये रूढ करण्याचे श्रेय श्रीअरविंदांनी देऊसकरांनाच दिले आहे. त्यांचे भाचे बाबूराव विष्णु पराडकर यांनी हा ग्रंथ हिंदीत नेला. हेच पराडकर पुढे हिंदी वृत्तपत्रसृष्टीचे अध्वर्यू झाले.

1907 च्या सुरत काँग्रेसनंतर टिळकांच्या विरुद्ध लिहावे असा आग्रह 'हितवादी'च्या चालकांनी धरला. देऊसकरांनी तो मानला नाही. त्यांनी संपादकपद सोडले. लेखणीसाठी दुसऱ्यांदा पोटावर पाणी सोडण्याचा हा प्रसंग होता. त्यानंतर राष्ट्रीय शिक्षण परिषदेच्या विद्यालयात ते बंगाली भाषा आणि भारताचा इतिहास शिकवू लागले. मराठी माणसाने बंगाली मुलांना बंगाली शिकवावे, आणि ते कोणास वावगे वाटू नये, यातच त्यांच्या योग्यतेची पावती आहे. ही परिषद म्हणजेच आजच्या यादवपूर विद्यापीठाचे मूळ होय.

1910 मध्ये सरकारने 'देशेर कथा' आणि टिळकांच्या खटल्यावरील त्यांचे पुस्तक, दोन्ही जप्त केली. अखेर ते आपल्या करौं गावी परतले. तेथेच 23 नोव्हेंबर 1912 रोजी त्यांचे देहावसान झाले. त्रेचाळीस वर्षेही त्यांना पुरी लाभली नाहीत.

हे चरित्र आज सांगण्याचे कारण आहे. आमची मुले येथे बंगाली आणि इंग्रजीत वाढतात. मराठी पुस्तक हातात धरले की अडखळतात, आणि आम्ही घरी हळहळतो. आमच्या ग्रंथालयाच्या कपाटातील मुलांची पुस्तके बहुधा आमच्याच लहानपणची आहेत. नव्या पिढीच्या हाती द्यावीत अशी नवी पुस्तके त्यांत थोडीच. देऊसकरांनी आत्याकडून मिळालेली मराठी जपली आणि शेजाऱ्याची भाषाही आपलीशी केली; एकीसाठी दुसरीचा त्याग त्यांना करावा लागला नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी मुलांसाठी चांगल्या नव्या मराठी पुस्तकांचा एक कप्पा आपण भरावा, आणि त्याच्या शेजारी देऊसकरांची बंगाली पुस्तकेही ठेवावीत, अशी आमची सर्व सभासद बंधुभगिनींना नम्र विनंती आहे. त्यांच्या स्मृतीस याहून उचित वंदन आम्हांस सुचत नाही.