ओल एव्हिनरूड : नावेमागचा माणूस

लेक्चरला उशीर झाला की नेमकी बाइक स्टार्ट होत नाही! किक मारून पाय दुखतात, मग प्लग काढावा लागतो. नावेच्या इंजिनाशी अशीच झुंज ओल एव्हिनरूड यांनी आयुष्यभर दिली.

१८७७ साली नॉर्वेत जन्मलेले ओल पाच वर्षांचे असताना अमेरिकेत विस्कॉन्सिनला आले. शाळा लवकर सुटली. मशीन शॉप हेच त्यांचं कॉलेज. १९०९ मध्ये त्यांनी दीड हॉर्सपॉवरचं, ६२ पौंडांचं आउटबोर्ड बाजारात आणलं. फ्लायव्हीलची मूठ हाताने फिरवून ते चालू करायचं. हिशेब आणि जाहिराती पत्नी बेस सांभाळत. त्या आजारी पडल्या तेव्हा ओलनी धंद्यातला आपला हिस्सा विकून टाकला.

पण डोक्यातलं इंजिन बंद पडलं नाही. ॲल्युमिनियम वापरून त्यांनी हलकं, दोन सिलिंडरचं इंजिन बनवलं. जुन्या भागीदाराने ते नाकारलं, तेव्हा १९२१ मध्ये स्वतःच 'एल्टो' काढलं. बॅटरी इग्निशनमुळे ते सहज स्टार्ट होई. १९३४ मध्ये ओल गेले, २०२० मध्ये एव्हिनरूड मोटरचं उत्पादनही थांबलं.

तरी जुनी मोटर अडली तर बघायचं तेच: पेट्रोल येतं का, स्पार्क पडतो का, कॉम्प्रेशन आहे का. वैतागून दोरी ओढत बसू नका, एकेक तपासा. ओलनीही नकार मिळाल्यावर तेच केलं, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!