कोर्टातून दवाखान्यात : डॉ. रखमाबाई

पहिली मराठी लेडी डॉक्टर कोण, तर आनंदीबाई जोशी, हे सगळ्यांना पाठ आहे. पण १८८६ मध्ये डिग्री घेतलेल्या आनंदीबाई १८८७ मध्ये वारल्या, प्रॅक्टिस राहूनच गेली. मी सांगणार आहे ती डॉ. रखमाबाई राऊत यांची गोष्ट.

जन्म २२ नोव्हेंबर १८६४, मुंबई. वडील लहानपणीच गेले. आईने दुसरं लग्न केलं ते डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी, म्हणजे घरातच डॉक्टर! तरीही ११ व्या वर्षी रखमाबाईंचं लग्न दादाजी भिकाजींशी लागलं आणि शाळा सुटली. त्या नांदायला मात्र गेल्या नाहीत. माहेरीच राहून वाचत राहिल्या.

१८८४ मध्ये नवऱ्याने दावा ठोकला, बायकोने नांदायला यावं म्हणून. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला. पण अपील झालं आणि त्याच वर्षी सखाराम अर्जुनही वारले. मार्च १८८७ मध्ये निकाल फिरला. नवऱ्याकडे जा, नाहीतर ६ महिने जेल. रखमाबाईंनी जेलची तयारी दाखवली! वय अवघं २२. आपल्याला एक बॅकलॉग राहिला तरी जेवण जात नाही. टिळकांचा केसरीसुद्धा त्यांच्या विरोधात होता, हे वाचून मी उडालेच. शेवटी १८८८ मध्ये २००० रुपयांवर तडजोड झाली.

मग सुरू झालं खरं शिक्षण. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पिची पाठीशी उभ्या राहिल्या, पैसा जमला आणि १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला बायकांच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. तिथल्या मुलींना वॉर्डचं काम शिकायला रॉयल फ्री हॉस्पिटल होतं, कारण लंडनची बाकी मोठी हॉस्पिटलं मुलींना दारात उभी करत नव्हती. १८९४ मध्ये त्यांनी ब्रसेल्सची एम.डी. मिळवली.

परत आल्यावर १८९५ पासून सुरत आणि नंतर राजकोट. जवळजवळ ३५ वर्षं बायकांचा दवाखाना! माझी आजी आर्णीकडच्या खेड्यातली. पोटाचं दुखणं ती अजूनही पुरुष डॉक्टरला सांगत नाही, लेडी डॉक्टरसाठी एस.टी.ने यवतमाळ गाठते. मग १८९५ च्या सुरतेत काय असेल, विचार करा.

२५ सप्टेंबर १९५५ ला, वयाच्या ९० व्या वर्षी त्या वारल्या. एक गोष्ट मला अजून सुटत नाही. १९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा त्यांनी म्हणे विधवेची पांढरी साडी नेसली. का? आमच्या हॉस्टेलवर यावरून रात्री दीडपर्यंत भांडण झालं आणि कुणीच माघार घेतली नाही.