शिशाच्या धुळीमागे निघालेली डॉक्टरीण

पुण्याहून पौडच्या रस्त्याला लागले, की पिरंगुटच्या पुढे कासार आंबोली हे मुळशी तालुक्यातले गाव लागते. नावातच कासार! भातखाचरांच्या या मुलखात आता कारखाने उभे आहेत. कासाराच्या तांब्यापितळेने आपली घरे सजली. पण धातूंच्या कुळात एक घातकी भाऊबंदही आहे, शिसे. बॅटरीत, रंगात, डाख देण्याच्या कामात, जुन्या छापखान्यांच्या खिळ्यांत त्याचा वावर. कामगाराच्या शरीरात ते गुपचूप कसे शिरते, हे शोधण्यात एका बाईंनी उमेदीची वर्षे घालवली. त्या डॉ. ॲलिस हॅमिल्टन.

जन्म २७ फेब्रुवारी १८६९, न्यूयॉर्कचा. बालपण इंडियाना राज्यातल्या फोर्ट वेन गावी, सुशिक्षित घरात गेले. थोरली बहीण एडिथ पुढे ग्रीक संस्कृतीवरच्या पुस्तकांमुळे गाजली. ॲलिस यांनी १८९३ मध्ये मिशिगन विद्यापीठाची वैद्यकीची पदवी घेतली. १८९७ मध्ये त्या शिकागोच्या हल हाउस या सेवाकेंद्रात राहायला गेल्या. आजूबाजूला वस्ती होती परदेशांतून आलेल्या गरीब मजुरांची. धडधाकट माणसे ऐन तारुण्यात खंगताना त्यांनी तिथे पाहिली आणि त्यांच्या कामाला आयुष्याची दिशा मिळाली.

१९१० मध्ये इलिनॉय राज्याने कामधंद्यातून होणाऱ्या रोगांची पाहणी करायचे ठरवले. शिशाचा भाग हॅमिल्टन यांच्याकडे आला. कोणत्या कारखान्यात शिसे वापरतात याची साधी यादीही नव्हती. मग त्यांनी रुग्णालयांची दप्तरे चाळली, औषधविक्रेत्यांना विचारले, मजुरांच्या घरांचे जिने चढले. पोटात असह्य कळा आणि लुळी पडलेली मनगटे ही दुखण्याची खूण होती.

असाच एक मजूर न्हाणीच्या टबांना चकाकी देणारा होता. त्या कारखान्यात गेल्या, तर तिथे धोक्याचे काही दिसेना. गड्याच्या घरी गेल्यावर उलगडा झाला. खरे काम दुसऱ्याच ठिकाणी चाले. तापून लाल झालेल्या टबावर भुकटी शिंपडायची आणि ती धूळ श्वासावाटे आत घ्यायची. भुकटी तपासली, तर तिच्यात भरपूर शिसे!

मालक म्हणत, मजूर हात धूत नाहीत, त्याला आम्ही काय करणार? हॅमिल्टन यांनी दाखवून दिले, की मुख्य वैरी हवेतली धूळ आणि वाफ आहे. त्या कोणावर आगपाखड करत नसत. पुरावा पुढे ठेवत. नॅशनल लेड कंपनीचे एडवर्ड कॉर्निश आधी चिडले, पण पुरावा पाहिल्यावर त्यांनी धूळ आवरण्याची आणि डॉक्टरांची व्यवस्था केली. १९११ मध्ये इलिनॉयमध्ये कायदाही झाला.

१९१९ मध्ये हार्वर्डने त्यांना नेमले. तिथल्या अध्यापकवर्गातल्या त्या पहिल्या स्त्री. पण पदवीदानाच्या मिरवणुकीत चालायचे नाही, अध्यापकांच्या क्लबात पाऊल टाकायचे नाही, अशा अटी होत्या! १९२५ मध्ये पेट्रोलमध्ये शिसे मिसळायला त्यांनी विरोध केला. कोणी ऐकले नाही. भारतात शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र आले ते २००० मध्ये, आणि जगातून शिशाचे पेट्रोल गेले २०२१ मध्ये.

शिसे नेमके काय करते, हे पुढच्या विज्ञानाने उलगडले. रक्त तयार होण्याच्या कामात ते खीळ घालते. पेशींत तयार होणाऱ्या उपद्रवी रेणूंना आवरणारे शरीराचे रखवालदारही ते दुबळे करते. लोखंडाला गंज चढावा तशी पेशींची आवरणे झिजतात. यालाच ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पश्चिम महाराष्ट्रातल्या बॅटरी कामगारांच्या रक्तात हेच आढळले. रखवालदार विकरे कमी झालेली होती आणि रक्तनिर्मितीत बिघाड होता.

ही धूळ कारखान्याच्या फाटकाशी थांबत नाही. कपड्यांवरून घरी येते. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूला तर ती फारच बाधते. म्हणून कामावरच अंघोळ करून कपडे बदलणे, धुळीच्या जागी न जेवणे आणि रक्तातले शिसे वेळोवेळी तपासणे, ही पथ्ये साऱ्या कुटुंबाची आहेत. मात्र त्याआधी धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवणे हे मालकाचे काम.

२२ सप्टेंबर १९७० रोजी, वयाच्या १०१व्या वर्षी हॅमिल्टन गेल्या. तीनच महिन्यांनी अमेरिकेत कामगारांच्या सुरक्षिततेचा देशव्यापी कायदा झाला. तो पाहायला त्या नव्हत्या. पण त्याची वाट त्यांनी साठ वर्षांपूर्वी, मजुरांच्या घरांचे जिने चढताना पाडली होती.