रात्रीची पाटी

१८७३ साली महादेव गोविंद रानडे यांच्या पुण्याच्या घरी ११ वर्षांची रमाबाई सून म्हणून आली, तेव्हा तिला अक्षरओळखही नव्हती. विधवाविवाहाच्या या पुरस्कर्त्याने पित्याच्या आग्रहापुढे मान तुकवून बालिकेशी विवाह केला, हा ठपका पुसला जाणारा नव्हे. तथापि पाटी-पेन्सिल आणि न्यायालयीन कामातून उरलेली रात्र, एवढ्याच भांडवलावर त्यांनी तिचे शिक्षण आरंभिले. पुढे घरी शिक्षिकाही नेमली. पाटी बाजारात मिळत होती, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची संमती मात्र मिळेना. दिवसभर त्यांचे टोमणे आणि अबोला सोसून ती मुलगी रात्री पुन्हा पुस्तक उघडी. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले आणि प्रौढ स्त्रिया तेथे अक्षरे गिरवू लागल्या. त्या संस्थेच्या अध्यक्षा रमाबाई होत्या.