तंजावरचे सरफोजी महाराज व त्यांचा बँड

आमच्या जळगांव-जामोदेंत लग्नसराई आली कीं बँडवाले दिसूं लागतात. वरातीबरोबर चालतांना त्यांचें वाजविणें एका तऱ्हेचें असतें, आणि मांडवापुढें थांबले कीं दुसऱ्या तऱ्हेचें. ह्या दोन कामांचा मेळ घालण्याचा प्रयत्न सुमारें दोनशें वर्षांपूर्वीं एका मराठी दरबारांत झाला. त्या दरबारचे धनी दुसरे सरफोजी भोसले ह्यांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

सरफोजींचा जन्म १७७७ सालीं झाला. तंजावरचे राजे तुळजाजी ह्यांनीं १७८७ सालीं, मरणापूर्वीं थोडे दिवस, त्यांस दत्तक घेऊन पाद्री श्वार्ट्झ ह्यांच्या हवालीं केलें. परंतु गादी मिळाली तुळजाजींचे सावत्र बंधु अमरसिंग ह्यांस, आणि ह्या पोरक्या बालकाच्या वांट्यास हाल आले. अखेर श्वार्ट्झसाहेबांच्या खटपटीनें १७९३ सालीं त्यांस मद्रासेस हलविण्यांत आलें. तेथें इंग्रजी विद्येचा त्यांचा अभ्यास चालला. मद्रासच्या किल्ल्यांत कंपनीच्या पलटणींचा बँड वाजे. तो एतद्देशीयांच्या कानांसही गोड लागे, कारण मुत्तुस्वामी दीक्षितांसारख्या थोर गायकानें तसल्या बँडच्या चालींवर संस्कृत पदें रचिलीं आहेत.

१७९८ सालीं सरफोजी गादीवर बसले. पुढच्याच वर्षीं तह होऊन सारा राज्यकारभार कंपनीकडे गेला. महाराजांस राहिला किल्ला, राजवाडा, वार्षिक नेमणूक व वसुलाचा पांचवा हिस्सा. ज्या राजास लढावयाचें नाहीं, त्यानें पलटणी बँड कशास बाळगावा, असा प्रश्न साहजिकच मनांत येतो. इंग्रजांची ही नुसती नक्कल, असें म्हणून कोणी मोकळा होईल. आम्हांस मात्र तसें वाटत नाहीं.

पलटणीपुढें चालणाऱ्या बँडास पावलांचा ठेका सांभाळावा लागतो. उघड्या हवेंत ऐकूं जावें म्हणून पितळी वाद्यें व ढोल ह्यांवर भर असतो. चालतां चालतां वाजवावयाचें, म्हणून चीज सोपी व पुनःपुन्हां घोळण्याजोगी लागते. बैठकींत ह्याच्या उलट. तेथें नाजुक स्वर, विलंबित लय, एकट्या वाद्याची करामत, हें सर्व शोभतें. युरोपांतील पुष्कळ पलटणींत म्हणूनच वाजविणारा दुहेरी तयारीचा शोधीत: दिवसां कवायतीवर क्लॅरिओनेट, रात्रीं मेजवानींत फिडल. एकाच माणसाकडून हीं दोन्ही कामें उत्तम होणें कठीणच. पण त्यावांचून खर्च परवडत नसे!

सरफोजींच्या दरबारास मिरवणुकीचा थाट हवा होता, कारण राजचिन्हांत आतां थाटच काय तो उरला होता. तथापि त्यांची खरी आवड बैठकीची. महाराजांनीं युरोपी संगीताचीं स्वरलिखित पुस्तकें जमविलीं. तीं तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयांत आहेत. त्यांचे मंत्री वराहप्पा ह्यांनीं फिडल हस्तगत केलें, आणि पाश्चात्य वाद्यांशेजारीं कर्नाटकी रागदारी नांदूं लागली. स्वतः महाराजांच्या नांवावर नृत्यासाठीं रचलेलीं मराठी पदें आहेत. ग्रंथसंग्रह, वैद्यक, पाठशाळा ह्या त्यांच्या इतर उद्योगांस एक निराळा लेख पुरणार नाहीं. श्वार्ट्झसाहेबांच्या स्मरणार्थ त्यांनीं विलायतेहून संगमरवरी शिल्प आणवून तंजावरच्या चर्चमध्यें बसविलें. स्वतः मात्र ते आपल्या धर्मांतच राहिले, व १८२० च्या सुमारास काशीयात्राही करून आले.

१८३२ सालीं महाराज वारले. त्यांचे पुत्र शिवाजी १८५५ सालीं निपुत्रिक निवर्तल्यावर कंपनीनें गादीच खालसा केली, आणि कलावंतांचा राजाश्रय तुटला. फिडल कर्नाटकी गायनाच्या साथीस कायमचें बसलें. क्लॅरिओनेट गेलें तें देवदासींच्या नाचाच्या साथीस. त्या काळीं तेथील साथीदार बसत नसत. मृदंग कमरेस बांधून ते नर्तकीच्या पाठीमागें उभे राहत, व ती पुढें सरकली कीं पुढें आणि मागें आली कीं मागें, असे वाजवीत वाजवीत तिच्याबरोबर चालत.