आजीबाई गेटवुड

सेनापति, मुत्सद्दी व संशोधक ह्यांचे पराक्रम शाळेच्या पुस्तकांतून आपल्या परिचयाचे झालेले असतात. परंतु अकरा लेकरांची आई व तेवीस नातवंडांची आजी असलेल्या एका वृद्ध बाईंनीं, पायांत साधे कापडी बूट घालून व स्वतः शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून, सुमारें २,०५० मैलांची डोंगरवाट एकटीनें पुरी केली, हें वृत्त पुष्कळांच्या कानांवर आलेलें नसेल. म्हणून एमा गेटवुड ह्या अमेरिकन बाईंचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

एमाबाईंचा जन्म ता. २५ आक्टोबर १८८७ रोजीं ओहायो संस्थानांतील एका शेतकरी कुटुंबांत झाला. सारीं मिळून पंधरा भावंडें. बाईंचें शिक्षण आठव्या इयत्तेपलीकडे गेलें नाहीं. तरी वाचनाची गोडी जन्मभर टिकली. १९०७ सालीं, वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, त्यांचा विवाह झाला. पति कॉलेजांत शिकलेले शाळामास्तर होते. पुढें ते शेती करूं लागले. ह्या सुशिक्षित गृहस्थांनीं पत्नीला वर्षानुवर्षें निर्दयपणें मारहाण केली. आम्ही स्वतः शिक्षक असल्यामुळें हें लिहितांना लेखणी अडखळते. पण ही गोष्ट झांकून ठेविली तर बाईंच्या पुढील प्रवासाचें मर्म वाचकांस कळावयाचें नाहीं. मार असह्य झाला म्हणजे त्या जवळच्या रानांत निघून जात, व तेथील निवांतपणांत त्यांचें मन थाऱ्यावर येई. त्यांनीं मुलें वाढविलीं, शेतांत कष्ट केले, आणि अखेर १९४१ सालीं न्यायालयांतून घटस्फोट मिळविला.

अमेरिकेच्या पूर्वेकडील अ‍ॅपालेशियन डोंगरांतून जॉर्जियापासून मेनपर्यंत, चौदा संस्थानांतून, एक सलग पायवाट जाते. बेंटन मॅकाय ह्यांनीं १९२१ सालीं तिची कल्पना मांडली, व स्वयंसेवकांच्या श्रमांनीं ती १९३७ सालीं पुरी झाली. ‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकांत १९४९ सालीं ह्या वाटेवर एक लेख आला होता, तो बाईंच्या वाचनांत आला आणि त्यांच्या मनानें घेतलें. १९५४ सालीं, वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, त्यांनीं मेनच्या टोंकाकडून आरंभ केला. परंतु वाट चुकली, चष्मा फुटला, आणि वनरक्षकांनीं शोधून काढून त्यांस घरीं परतण्याचा सल्ला दिला. त्या परतल्या, मात्र बेत सोडला नाहीं. पुढील वर्षीं, ता. ३ मे १९५५ रोजीं, जॉर्जियांतील ओगलथॉर्प डोंगरावरून त्या पुन्हां निघाल्या. आपण फिरावयास जात आहों, एवढेंच मुलांस सांगितलें होतें.

त्यांचें सामान पाहून मोठमोठ्या गिर्यारोहकांस हंसूं आलें असतें. तंबू नाहीं, नकाशा नाहीं. एक पांघरूण, आणि पावसासाठीं न्हाणीघरांतला प्लास्टिकचा पडदा. खाण्यास डब्यांतील सॉसेज, मनुका, भुईमुगाचे दाणे व सुक्या रश्श्याच्या वड्या. खेड्यांत वाढल्यामुळें रानांतील कोणता पाला व कोणतें फळ खावें हें त्यांस ठाऊक होतें. थंडी फार पडली म्हणजे दगड विस्तवांत तापवून त्यांवर निजावें, पानांचा ढीग करून अंथरूण करावें, उजाडलें कीं चालूं लागावें, असा त्यांचा क्रम असे. मासिकांत वाचलेली सुखाची वाट प्रत्यक्षांत निराळीच निघाली. कित्येक ठिकाणीं खुणा पुसल्या होत्या, झाडें आडवीं पडलीं होतीं, विसाव्याच्या झोंपड्या मोडल्या होत्या.

सायंकाळीं वाटेजवळ घर दिसलें तर त्या दार ठोठावीत. कोणी भटकी बाई समजून दार लावून घेई. मग त्या उघड्यावर निजत. पण पुष्कळ घरांत गरम जेवण, अंथरूण व प्रेमाचे चार शब्द मिळत. वर्तमानपत्रांत त्यांची हकीकत छापून येऊं लागल्यावर तर लोक त्यांची वाट पाहूं लागले. ऑगस्टमध्यें दोन मोठीं वादळें त्या प्रदेशावर आलीं व ओढ्यांस पूर आला. व्हर्मांटमध्यें अशाच एका प्रवाहाशीं त्या अडल्या असतां आरमारांतील दोन तरुण तेथें आले. त्यांनीं दोरीनें बाईंस आपल्यामध्यें बांधून घेऊन पलीकडे नेलें. एके रात्रीं न्यूयॉर्कमधील हार्लेमचे कृष्णवर्णी तरुण व त्या एकाच निवाऱ्यांत उतरले. हीं मुलें एकमेकांशीं वैर असलेल्या टोळ्यांतलीं होतीं, व धर्मोपदेशकांनीं त्यांस एकत्र डोंगरांत आणिलें होतें. त्या काळीं त्या देशांत गोरे व काळे ह्यांच्यांत केवढा भेद पाळला जाई! बाई मात्र त्यांच्यांत निर्धास्तपणें राहिल्या.

ता. २५ सप्टेंबर १९५५ रोजीं, एकशें सेहेचाळीस दिवसांनीं, त्या मेनमधील कटाडिन शिखरावर पोंचल्या. ही सबंध वाट एका प्रवासांत एकटीनें चालून जाणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९५७ सालीं त्यांनीं ती पुन्हां पुरी केली, व १९६४ सालीं टप्प्याटप्प्यांनीं तिसऱ्यांदा. तीन वेळां ही वाट पुरी करणारें त्यांच्यापूर्वीं कोणी झालें नव्हतें, पुरुषांतही नाहीं. मध्यंतरीं, १९५९ सालीं, मिसूरीपासून ऑरेगनमधील पोर्टलंडपर्यंत सुमारें दोन हजार मैल त्या चालून गेल्या. वाटेच्या दुरवस्थेबद्दल त्यांनीं स्पष्टपणें तक्रार केली, आणि त्यामुळें तिच्या निगेकडे लोकांचें लक्ष वळलें. ओहायोंतील बकाय पायवाटेच्या आंखणीसही त्यांनीं हातभार लाविला. ता. ४ जून १९७३ रोजीं, वयाच्या पंचाऐंशीव्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. तेथील हॉकिंग टेकड्यांतील सहा मैलांच्या एका वाटेस त्यांचें नांव दिलेलें आहे.

बाईंचें धैर्य मोठें खरेंच. परंतु ह्या चरित्रांत आम्हांस आणखी एक गोष्ट दिसते. ज्या बाईस स्वतःच्या घरांत निर्भय झोंप मिळाली नाहीं, तिला ती अनोळखी माणसांच्या ओसरीवर मिळाली. दोन हजार मैल चालणें सर्वांस साधेल असें नाहीं. पण तिन्हीसांजेस दाराशीं आलेल्या थकल्या वाटसराला आंत घेणें आपणांपैकीं कोणासही साधण्याजोगें आहे.